घरच्यांची सही

आज मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आमच्या ज्येष्ठ टेनिसपटूंचे गट खेळतात आणि संस्थापक म्हणून माझे नाव घेतले जाते. प्रत्यक्षात मी काही स्थापन करायला निघालो नव्हतो. मी फक्त चिडलो होतो.

अंधेरीतल्या आमच्या क्लबच्या कोर्टावर सूचना लागली : पासष्ट वर्षांवरील सभासदांना मुलाचे किंवा मुलीचे संमतीपत्र दिल्याशिवाय खेळता येणार नाही. एक सभासद जाळ्यापाशी पाय मुरगळून पडले, एवढेच निमित्त. मी तडक सचिवाच्या खोलीत गेलो. सचिव केतन चाळिशीचा. त्याच्या वडिलांबरोबर मी खेळलेलो.

"काका, तुमच्या भल्यासाठीच आहे ना."

"साकीनाक्याच्या कारखान्यात पत्रा कापायची प्रेस मी तपासून सही करायचो, मग कामगार तिच्यात हात घालायचे. आता माझ्या गुडघ्यांना माझी सही चालत नाही?"

"वाद नको, काका. अक्षताला सांगा. दोन मिनिटांचं काम."

अक्षता माझी मुलगी. तिने सही केली आणि खाली स्वतःहून अट घातली : 'पळायचे नाही.'

"टेनिसमध्ये पळायचं नाही तर करायचं काय गं?"

"उभे राहा, बाबा. चेंडू येईल."

ते पत्रही मी निमूटपणे दिले असते. पण अर्बनचे काय? मरोळच्या गावठाणातला अर्बन डिप्लोमाच्या वर्गापासूनचा माझा मित्र आणि डबल्समधला जोडीदार. त्याने लग्न केले नाही. त्याच्यासाठी सही करणारे कोणी नव्हते.

"अर्बनची जबाबदारी मी घेतो," असे मी केतनला सुचवले.

"काका, तुमचीच जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी घ्यायची आहे. तुम्ही त्यांची कशी घेणार?"

युक्तिवाद बिनतोड होता, म्हणूनच अधिक संतापजनक. मी समितीपुढेही गेलो. समितीने चहा पाजला आणि नियम तसाच ठेवला.

"तू खेळ रे, चंदू," अर्बन म्हणाला. "मी बाहेर बसून तुझी वाट लागलेली बघतो."

ते मला जमणारे नव्हते. संमतीपत्र रॅकेटच्या पिशवीत टाकून मी त्याच्याबरोबर बाहेर पडलो.

गावठाणातल्या शाळेमागे सिमेंटचे अंगण आहे. शाळा भरण्यापूर्वी ते वापरण्याची परवानगी अर्बनने मिळवली. दोरी ताणून, तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने कोपरे काटकोनात आणून मी कोर्ट आखले. मागची भिंत मात्र रेषेला इतकी लागून होती की, डोक्यावरून जाणारा चेंडू घ्यायला मागे सरकताच येत नव्हते. म्हणून पहिला नियम ठरला : लॉब बाद.

"माझा एकच फटका होता, तोही घेतलास," अर्बन कुरकुरला.

क्लबातलाच दशरथ भांडुपहून आला. त्याचा मुलगा परदेशात. सहीसाठी केलेला फोनच उचलत नव्हता. तिघे झालो, चौथा काही मिळेना. ज्याला विचारावे तो म्हणे, "घरी विचारून सांगतो." हे वाक्य ऐकून ऐकून माझे डोके उठले. त्यात मुख्याध्यापकांनी बजावले : तिघांसाठी अंगण अडवता येणार नाही, रविवारपर्यंत चौघे झाला नाहीत, तर ते कराटेच्या वर्गाला जाईल.

रविवारी जाळे बांधून आम्ही तिघे बसून राहिलो. कराटेचे शिक्षक फाटकाशी येऊन घड्याळ पाहू लागले. तेवढ्यात त्यांच्या शेजारून एक बाई आत आल्या. केस पूर्ण पांढरे, पायांत कॅनव्हासचे बूट. रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळलेली.

"मी मालन. मागच्याच इमारतीत राहते. बँकेच्या संघात खेळायचे. चौथा हवाय ना तुम्हाला?"

मला अत्यानंद झाला आणि त्या भरात तोंडून निघून गेले, "घरी विचारून आलात ना?"

दशरथने मान खाली घातली. अर्बन मात्र उठून मला वाकून नमस्कार करू लागला. "या, केतनशेठ! क्लब इथेही उघडलात का?"

मालनबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुम्ही विचारलंत?"

पिशवीतले पत्र आठवले. खोटे बोलवेना. "विचारलं होतं. पळायचं नाही, अशी अट आहे."

"मग तुम्ही जाळ्यापाशी उभे राहा," त्या म्हणाल्या. "मागचं मी बघते. सर्व्हिस कोणाची?"