भिंतीतली वाऱ्याची वाट

जुन्या दप्तरखान्यात ओलीने कागद सडायला लागले होते. म्हणून खोल्याखोल्यांत ओल आणि उष्मा मोजणारे बिनतारी सेन्सर बसवायचं ठरलं. ते कुठे बसवायचे, हे आखायचं काम एका इंजिनीअर बाईकडे आलं. भिंती दोन-दोन हात जाड. तळघरातला सिग्नल फार तर पहिल्या मजल्यापर्यंत जाईल, असं तिच्या नकाशाने सांगितलं. तो पुढे पोचवायला मध्ये दोन यंत्रं धरली होती.

चाचणीच्या दिवशी मात्र ती चक्रावली. तळघरातला सिग्नल थेट चौथ्या मजल्याच्या एका कोपऱ्यात खणखणीत येत होता आणि शेजारच्याच खोलीत त्याचा मागमूस नव्हता. तिने बॅटरी बदलली, चारदा जिना चढली-उतरली. आकडा ढिम्म हलेना.

शेवटी तिने वडिलांना फोन लावला. त्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं होतं.

"बाबा, जरा येता? इथली भिंत मला गंडवतेय."

"भिंत कशाला गंडवेल? तुझा नकाशाच थापाड्या असेल."

ते आले. बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत गेले आणि कोपऱ्यात थांबले. "इथे पोकळ आहे. मागाहून बुजवलंय, बघ. गिलावा वेगळा."

दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी दप्तरखान्याच्या साहेबांकडून भिंत उघडायची परवानगी आणली आणि बजावलं, "एकच वीट हं!"

वीट निघाली आणि गार वाऱ्याचा झोत तोंडावर आला. टेबलावरचे कागद उडाले. तिने टॉर्च आत धरला. हातभर रुंदीची पोकळी सरळ तळघरात उतरत होती. तिथे, तिच्या सेन्सरशेजारीच, कपाटामागे एक जाळी होती; ती याच पोकळीचं तोंड. वर पाहिलं तर गच्चीपाशी रुपयाएवढं आभाळ.

बाबांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आतली भिंत चाचपली. दुसऱ्याच्या कामाला सहसा चांगलं न म्हणणारा हा माणूस, पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"काचेसारखं गुळगुळीत आहे गं. आत माणूस मावत नाही. म्हणजे एकेक थर रचत, प्रत्येक थराला वरून थापी फिरवत चढले असणार. चार मजले!"

"कुणाला दिसणार नव्हतं तरी?"

"वाऱ्याला अडायला नको ना."

ती मीटर घेऊन उरलेल्या भिंतींपाशी फिरली. जिथे सिग्नल नको तितका चांगला आला, तिथे बाबांनी ठोकून पाहिलं. संध्याकाळपर्यंत वाऱ्याच्या अशा आणखी तीन वाटा सापडल्या. सिग्नल पुढे पोचवणारी ती दोन यंत्रं तिने आराखड्यातून खोडली. साहेबांनी या वाटांचे प्रत्येक मजल्यावरचे बुजवलेले झरोके मोकळे करून घेतले.

महिन्याने दप्तरवाल्या बाईंचा फोन आला. "अहो, ओलीचा आकडा रोज थोडा थोडा उतरतोय!"

तिने संगणकावर आलेख उघडला. चारही वाटांजवळच्या सेन्सरांच्या रेघा एकदमच खाली येत होत्या. तिने बाबांना फोन लावला.