सव्वा मूठ

श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीला, आमच्या घरी माणशी सव्वा मूठ गहू. मोजलेली मूठ परत डब्यात जात नाही आणि त्या गव्हाचा रोट भाऊबंदांबाहेर जात नाही. पारोळ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर चांगली नववीत होते!

आबा, म्हणजे माझे वडील, गेले त्या साली कानबाई बसलीच नाही. पुढच्या श्रावणात आईनं गहू मोजायला घेतले आणि सवयीनं चार माणसांचे मोजले. घरात उरलो होतो तिघं, आई, भाऊ भूषण आणि मी. चूक लक्षात आल्यावर ती चौघांचं सूप तसंच उचलून आत गेली.

शाळेत मी कुणाशी बोलत नव्हते. ज्योती मॅडम आमच्या समुपदेशक, आठवड्यातून तीनदा जळगावहून एसटीनं यायच्या. बाकीचे "बोल की गं" म्हणून माझा जीव खायचे. मॅडम मात्र त्यांच्या चिमुकल्या खोलीत मला नुसतं बसू द्यायच्या. अख्ख्या शाळेची रडगाणी ऐकून झाली की त्या एकट्याच गार झालेली खिचडी खायच्या. एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोण विचारतं?" त्या हसून पुन्हा खिचडी खाऊ लागल्या. मला फार वाईट वाटलं.

म्हणून आबांच्या वाट्याचा रोट मी रुमालात बांधून त्यांना नेऊन दिला. कुणाचा आहे ते सांगितलं आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मॅडमनी तो सगळा खाल्ला, चुरासुद्धा बोटानं टिपून.

घरी मात्र बोंब झाली. "रोट कोणले दिधा? बाहेरना माणूसले देतस का?" आईचा हात उगारलेला. मी रडत म्हटलं, "ज्योती मॅडमना. त्यांनी चुरासुद्धा टाकला नाही गं." हात हळूहळू खाली आला.

"खादा ना तिनी? मंग ती आपलीच शे."

तेव्हापासून ती जास्तीची मूठ मॅडमची.

पुढे लग्न होऊन मी धुळ्याला आले, आणि गंमत बघा, लेक दुसऱ्या कुळाची झाली म्हणून माहेरचा रोट मलाच बंद! सासरचाही रोट चांगला असतो, पण तो आबांच्या घरचा नाही. आईपुढे बोलायची सोय नव्हती, रीत ती रीत. दर श्रावणात पारोळ्याला उतरून मॅडमचा डबा जळगावला पोचवायची हमाली मात्र माझी. सात वर्षं तो वास मांडीवर घेऊन एसटीत बसले.

मॅडम आता निवृत्त झाल्यात. यंदा डबा उघडून त्यांनी विचारलं, "डिंपल, तू कधीच कशी खात नाहीस?"

मी रीत सांगायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांनी पूर्वीसारखंच मला गप्प बसू दिलं. मग अर्धा रोट मोडून माझ्या हातावर ठेवला.

"आई रागावेल, मॅडम."

"तुझ्या आईचा, लताबाईंचाच कायदा आहे. ज्यानं खाल्ला तो आपला."

मी खाल्ला. मग तिथूनच आईला फोन लावून खरं सांगून टाकलं.

"चुरा नई ना टाका?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मंग पुढला साल तुनी मूठ बी मोजसू."