ठेंगणा सुळका

सुई बाहेर आली तसा तिने दंडावर कापूस दाबला आणि आपल्याच रक्ताची नळी यंत्राकडे नेली. सुई टोचणाऱ्या सहकारिणीने विचारलं, लोकांचं रक्त कमी पडलं का? सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या तिने नळी यंत्रात बसवली.

यंत्राने तीन दिवस तिच्या नाकी नऊ आणले होते. डायलिसिसवरच्या वीस रुग्णांच्या रक्तातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे भाग, मोजायचं काम डॉक्टरांनी दिलं होतं. प्रत्येक आम्लाचा कागदावर एक सुळका उमटतो. टायरोसिन नावाच्या आम्लाचा सुळका सगळ्याच कागदांवर ठेंगणा. एखाददुसऱ्याचा समजू शकतो, पण विसांचा? तिने रसायनाची बाटली बदलली, नळ्या धुतल्या, यंत्राला नाही नाही ते बोलली. चूक बाटलीत शोधायची, माणसात नाही, ही तिची कामावरची शिस्त. घरी मात्र ती अगदी उलट वागायची.

तासाभराने तिच्या रक्ताचा कागद बाहेर आला. टायरोसिनचा सुळका चांगला ताठ उभा होता. यंत्र बिचारं खरंच बोलत होतं.

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. टायरोसिन दुसऱ्या एका आम्लापासून बनतं, आणि ते बनवण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो, असं त्यांनी सांगितलं. मूत्रपिंड थकलं की माल कमी पडतो. तिने खोदून विचारलं, मग हे टायरोसिन लागतं कुठे? मेंदूत, ते म्हणाले. उमेद, लक्ष यांना लागणारी रसायनं मेंदू त्यापासून बनवतो. शिवाय मेंदूच्या दाराशी या आम्लांची रेटारेटी चालते. जे कमी, ते मागे राहतं.

"म्हणून माणूस गप्प बसून राहतो?"

"असेल. पण छातीठोकपणे नाही सांगता येणार, बाई. अजून शोधतोच आहोत."

त्या विसांत तिचा नवराही होता. रेडिओ दुरुस्त करणारा. दोन वर्षं तो खिडकीपाशी उघडा रेडिओ घेऊन बसे आणि पेचकस उचलत नसे. हातपाय गाळून बसलात, असं ती रोज ऐकवायची. ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या 'असेल'सकट. त्याने मान वर केली.

"कमी म्हणजे किती?"

"माझ्या निम्मं."

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचंच कमी."

"मला वाटायचं, मीच संपलो," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "त्यांच्या बायकाही बोलत असतील ना गं?"

चुकलंच माझं, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

एरवी ती त्याला डायलिसिसच्या दारात सोडून कामावर पळायची. या खेपेला बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी एक बाई नवऱ्याची चप्पल पिशवीत भरत कुणाला तरी फोनवर सांगत होती, काही करत नाहीत हो, नुसते बसून असतात.

फोन संपेपर्यंत ती थांबली. मग बाकावर थोडी पुढे सरकली.

"ताई," ती म्हणाली, "मीही हेच म्हणायचे."