सर्चला केलेला अर्ज

तेराव्याला जेवणं उरकल्यावर ह्यांचे कंपनीतले मित्र नरसिंह माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “वहिनी, पद्माकर त्या मराठी फोरमवर तुमच्याबद्दल लिहायचा. वाचलंत ना?”

मी “हो” म्हणून टाकलं. खरं तर मला पत्ताच नव्हता. रोज संध्याकाळी हे लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसायचे आणि मी आतून म्हणायचे, “बसले रिकामटेकड्यांच्या चावडीवर!” तिथे ते काय बोलतात, हे मी कधी विचारलं नाही. आता गाझियाबादच्या या तीन खोल्यांत मी एकटी होते आणि मला एवढंच हवं होतं. ह्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं ते वाचायचं. चांगलं असो, वाईट असो.

पण फोरमवर सगळे टोपणनावानं लिहितात, आणि ह्यांचं टोपणनाव नरसिंहभावजींनाही ठाऊक नव्हतं. लॅपटॉपवर सापडलं असतं, पण तो शिवांगीनं, आमच्या लेकीनं, बंगळुरूला परत जाण्याआधी सगळा पुसून ठेवला होता. “आई, बिल्कुल नया कर दिया,” म्हणाली. चांगल्या मनानंच केलं तिनं.

फोरमच्या पानावर वर ‘शोधा’ अशी रिकामी चौकट होती. मी चौतीस वर्षं सरकारी ऑफिसात डिस्पॅचला, म्हणजे आवक-जावक टपालावर काढलेली बाई. रिकामी चौकट दिसली की माझा हात अर्जच लिहितो. लिहिलं, “माझे दिवंगत पती पद्माकर यांनी पत्नीविषयी केलेले लेखन कृपया शोधून द्यावे, ही नम्र विनंती.”

नऊ हजार उत्तरं आली. पती ढीगभर होते, पण सगळे दुसऱ्यांचे. एकीचा घोरत होता, एकीचा भेंडी खात नव्हता. ‘नम्र विनंती’ तर प्रत्येक भांडणात होती. तीन दुपारी मी ते वाचत बसले. चौथ्या दिवशी फोरम सांभाळणाऱ्या सुखदा नावाच्या मुलीला निरोप पाठवला, जरा चिडूनच.

तिचं उत्तर लगेच आलं. “काकू, कुणाचं टोपणनाव मला सांगता येत नाही, नियम आहे. पण सर्चला अर्ज कळत नाही हो. तुम्ही टाकलेला प्रत्येक शब्द तो सुटा सुटा शोधतो. दोन-तीनच शब्द टाका. आणि तुमचे नकोत, काकांचे टाका. जे तेच म्हणायचे, दुसरं कुणी म्हणणार नाही, असे. अवतरणचिन्हांत ठेवलेत की जोडीनंच सापडतील. एक जरी सापडलं तरी त्या नावावर क्लिक करा, त्यांचं सगळं लेखन तारखेनुसार लागेल.”

सोपं होतं. मी कागद-पेन घेऊन बसले आणि कागद कोराच राहिला. छत्तीस वर्षांचा संसार, आणि ह्यांचं म्हणून एक वाक्य आठवेना. माझी मात्र धडाधड आठवत होती. “भाजी आणा.” “गीझर बंद करा.” “पुरे आता.” मला रडू आलं, आणि रडताना स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी भाजीवाल्यानं खालून हाक मारली, “मॅडमजी, मेथी!” आणि आठवलं. माझ्यासाठी फोन आला की हे म्हणायचे, “थांबा, डिस्पॅच मॅडमना देतो.” मला ते मुळीच आवडायचं नाही. मी ‘डिस्पॅच मॅडम’ एवढंच अवतरणचिन्हांत टाकलं.

एकतीस उत्तरं. सगळी एकाच माणसाची, टोपणनाव ‘हिंडनकाठ’. हिंडन ही आमच्या गाझियाबादची नदी. त्या नावावर क्लिक केलं. सगळ्यात जुना चर्चेचा धागा ह्यांच्या निवृत्तीनंतरच्या महिन्यातला होता. ‘बायकोशी काय बोलावं?’

“आता घरात आम्ही दोघंच. डिस्पॅच मॅडम हुशार आहेत, त्यांच्याशी बोलायला मला आवडतं. पण घर, बिलं आणि मुलगी सोडून विषयच निघत नाही. तुम्ही लोक काय बोलता? सुचवा.”

लोकांनी सुचवलं होतं. तिच्या शाळेबद्दल विचारा. जुने फोटो काढा. कॅनॉट प्लेसला कॉफी प्यायला न्या. आणि हे एकेक करून बघत होते, खाली प्रामाणिकपणे कळवत होते. “शाळेचं विचारलं. डिस्पॅच मॅडम म्हणाल्या, आज काय झालंय तुम्हाला? उद्या पुन्हा बघतो.” “फोटो काढले. त्यांची सिरीयल चालू होती. हरकत नाही.” माझ्याबद्दल कुठेही तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी निदान भांडले तरी असते.

त्यांचं शेवटचं लिखाण जानेवारीतलं. “उद्या ॲडमिट होतोय, छोटंसं ऑपरेशन आहे. तिथे सिरीयल नाही, स्वयंपाक नाही. चार दिवस आम्ही दोघंच. भरपूर बोलू.”

त्याखाली कुणा अनोळखी माणसानं परवाच विचारलं होतं, “हिंडनकाका, बरेच दिवस दिसला नाहीत. मग, झाल्या का गप्पा?”

मी फोरमवर खातं उघडलं. टोपणनाव घेतलं नाही, ‘विनया’ असंच लिहिलं. मग उत्तर लिहिलं.

“ते गेले. मी त्यांची पत्नी. गप्पा झाल्या नाहीत. हॉस्पिटलमध्ये ते बोलायला लागले की मीच म्हणायचे, गप्प पडा, दम लागेल.”