आबासाहेबांचे खिळ्यांचे बूट

एकाहत्तर सालचा पावसाळा सरत आला होता. बेलापूरजवळच्या साखर कारखान्यात गळीत सुरू व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे प्रयोगशाळेत काम बेताचंच होतं. अशा एका दुपारी जनरल मॅनेजर साहेब स्वतः प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. केमिस्ट आसारामला म्हणाले, "येत्या रविवारी माझ्याबरोबर नगरला चला. कॅम्पात, लष्कराच्या मैदानावर गोल्फ खेळू. बूट मात्र नीट बघून घाला."

एवढं बोलून ते निघूनही गेले. आसारामच्या हातातली काचेची नळी हातातच राहिली. मागच्या हंगामात साखरेचा उतारा साहेबांना हवा होता त्यापेक्षा कमी निघाला होता, आणि आसारामने तो होता तसाच सांगितला होता. तेव्हापासून साहेब त्याच्याशी कामापुरतंच बोलत. मग आता एकदम गोल्फ कुठून आला? आणि बुटांचं एवढं काय?

संध्याकाळी आबासाहेब त्याच्या क्वार्टरवर आले. ते कारखान्याचे शेतकी अधिकारी, जवळच्याच गावच्या मोठ्या बागाईतदाराचे चिरंजीव. साहेबांबरोबर नगरला नेहमी तेच जात. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"माझा गुडघा धरलाय," ते म्हणाले. "या खेपेला मी नुसता बसणार. तुम्ही हे घाला."

आतून तपकिरी बूट निघाले. जुने, पण पॉलिश केलेले. आसारामने एक उलटा केला, तर तळाला चांगले बोटाच्या पेराएवढे खिळे.

"खिळ्यांचे?"

"मग? ओल्या गवतावर साधा बूट टिकत नाही. काठी फिरवताना सगळा भार एका पायावर येतो. घसरलात की बसलात खाली, सगळ्यांच्या देखत."

ते गेल्यावर आसारामची आई रंगुबाई आतून बाहेर आली. बुटांकडे बघत दाराशीच बसली.

"कुनाचे हायत?"

"आबासाहेबांचे."

"नवे न्हाईत."

"नाहीत."

"तुज्या बापाला बी असेच मिळायचे," रंगुबाई म्हणाली. "पाटलाच्या घरचे. त्यांच्या पायातनं उतरले, की आमचे. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं ते चुलीत घातले. लई घाण सुटली हुती. म्हनला, आता उतरलेलं घरात न्हाई."

"आई, हे खेळाचे आहेत. हे तसं नाही."

"नसंल. पर जुन्या जोड्याला पॉलिश कशापायी केलं?"

आसारामने बूट पायात घालून पाहिले. बरोबर बसले. त्यामुळेच त्याच्या मनात आणखी पाल चुकचुकली. आबासाहेबांना आपलं माप कुणी सांगितलं? आणि साहेब लोक ज्या गवताला एवढं जपतात, त्यावर खिळे ठोकत चालू देतील? आपण हे घालून जायचं, तिथे सगळे साध्या बुटांत असायचे, आणि हसायला विषय. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या आवारात आबासाहेब स्टोअरकीपरशी काहीतरी बोलून हसत होते. आसाराम दिसताच दोघेही गप्प झाले. का?

शुक्रवारी प्रयोगशाळेचं सामान आणायचं निमित्त काढून तो एसटीने नगरला गेला. सामान घेतलं आणि थेट कॅम्पाकडे वळला. मैदानाला तारेचं कुंपण होतं. खेळायला कुणी नव्हतं, पण फाटकाजवळची पायवाट रात्रीच्या पावसाने भिजलेली होती. तो वाकून चिखलातले ठसे बघू लागला.

"ए! क्या देख रहा है?" पहाऱ्यावरचा जवान खांद्यावरची बंदूक सावरत पुढे आला.

"जूते के निशान," आसारामच्या तोंडून गेलं. आपण काय बोललो हे कळून त्याला घाम फुटला. जवानाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, पिशवी उघडायला लावली आणि आतल्या बाटल्या बघून आणखीच डोळे बारीक केले. कारखान्याचं ओळखपत्र दाखवल्यावर कुठे सुटका झाली.

पण पाहायचं ते पाहून झालं होतं. ठशाठशात खिळ्यांची भोकं होती. म्हणजे आबासाहेब खोटं बोलले नव्हते. निदान एवढ्यापुरतं तरी.

बाजारात दुकानदाराने त्याच्यापुढे पांढरे कॅनव्हासचे बूट ठेवले. हलके होते, दिसायलाही छान. आसारामने तळव्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत रबर. त्याने ते बाजूला सारले आणि जाड चामडी तळाचे काळे बूट घेतले. खिळा धरील असा तळ त्याला हवा होता.

शनिवारी सकाळी तो आबासाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि पुडकं पुढे ठेवलं.

"बसले नाहीत का?"

"बसले. पण मी माझे घालीन."

"अहो, एका दिवसाचा प्रश्न. जुने आहेत म्हणून म्हणताय? मी स्वतः बसून पॉलिश केलंय."

आसारामला गिळून टाकता आलं असतं. त्याने गिळलं नाही. "आबासाहेब, आमच्या घरी तुमच्यासारख्यांच्या घरून उतरलेले जोडे यायचे. वडिलांनी ते जाळले. आता मी पुन्हा घरात आणू शकत नाही."

आबासाहेबांनी पुडक्यावर हात ठेवला. "हे माझ्या डोक्यात आलंच नाही," ते हळूच म्हणाले.

"माझं माप तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचं?" ते ओशाळून हसले. "गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारातून मी चुकून तुमची चप्पल घालून गोदामापर्यंत गेलो होतो. तिथे स्टोअरकीपरने सांगितलं, तेव्हा कळलं. अजून हसतो तो मला."

आसारामला हसू आलं, पण ते त्याने ओठांतच ठेवलं. खरं असेलही. "तुमचे बूट आजचा दिवस ठेवतो," तो म्हणाला. "हे दाखवून माझ्यात तसेच खिळे मारून घेतो."

बेलापुरातल्या कारागिराने संध्याकाळपर्यंत खिळे मारून दिले.

रविवारी मैदानावर जीपमधून उतरताच साहेबांची नजर आसारामच्या पायांकडे गेली. "कुठले हे?"

"नगरला घेतले. खिळे बेलापूरला मारून घेतले."

साहेब नुसतं "हं" म्हणाले. त्या हुंकारात काय होतं, ते आसारामला कळलं नाही. पहिल्या फटक्याला काठी हवेतूनच फिरली. दुसऱ्या खेपेला चेंडू बाभळीत गेला. पण ओल्या गवतावर पाय मात्र घट्ट रोवलेला राहिला. चालता चालता साहेब म्हणाले, "कारखान्यातले सगळे मला मुद्दाम जिंकू देतात. तुम्ही नाही देणार, असं वाटलं."

हेही आसारामने लगेच खरं धरलं नाही.

निम्मा खेळ झाला आणि एक खिळा आत फिरून टाचेत टोचू लागला. तो तसाच खेळत राहिला. शेवटचा चेंडू खड्ड्यात घालून झाडाखाली आला आणि बूट काढला, तर मोजा लाल झालेला. आबासाहेब तिथेच बसले होते.

"बघू," म्हणत त्यांनी आसारामचा बूट उचलला, आत हात घालून खिळा चाचपला आणि दगडाने ठोकून सपाट केला. आसाराम त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होता. आता ते हात पुसणार, धुणार. आबासाहेबांनी बूट त्याच्या पायाशी ठेवला, खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या, तशाच हातांनी एक फोडली, आणि उरलेल्या त्याच्यापुढे धरल्या.

त्याने घेतल्या.

घरी रंगुबाई वाट बघत होती. पाय बघून तिने हळद आणली. "हसलं का कुनी?"

"पहिल्या फटक्याला हसले. मीही हसलो."

"आन् त्यो आबासाहेब?"

"चांगला वाटला," आसाराम म्हणाला. मग पुढे म्हणाला, "बघू."

"व्हय," रंगुबाई हळद दाबत म्हणाली. "बगतच ऱ्हा."