मंगळवार ते शनिवार

मायाची आई गेली त्या वर्षी तिच्या बाबांनी, लहानूंनी, अंथरूण धरलं होतं. जेवत नसत, बोलत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मनोविकारांच्या डॉक्टर चारुलता यांच्या औषधांनी सहा-सात महिन्यांत ते सावरले आणि हुडकेश्वरच्या चौकात मित्रांसोबत पुन्हा बुद्धिबळाचा पट मांडू लागले. त्यामुळे दोन वर्षांनी एका मंगळवारी ते ताट तसंच ठेवून आडवे झाले, तेव्हा मायाला वाटलं, तेच दुखणं परत आलं. तिनं फोन करून शनिवारची वेळ घेतली.

माया शिकवायची त्या शाळेत परीक्षा चालू होत्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येत होते. बुधवारी सकाळी बाबांनी हसून चहा मागितला. दुपारी ती शाळेतून आली, तर तिलाच विचारलं, "सिंधू, तू कवा आली वं?"

सिंधू त्यांची बहीण. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"बाबा, मी माया आहे."

"हो, माया," ते म्हणाले आणि चादरीवरचं, तिला न दिसणारं काहीतरी बोटांनी वेचू लागले. बोलता बोलता त्यांचं वाक्य मध्येच हरवायचं. संध्याकाळी बिछाना ओला झाला. चादर बदलताना तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, जरा तरी मनावर घ्या. मी एकटी किती करू?"

ते नव्या चादरीवरूनही काहीतरी वेचू लागले.

दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जागरण, असं होऊ लागलं. मागच्या आजारपणातल्या झोपेच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या. कुणालाही न विचारता तिनं गुरुवारी एक दिली, शुक्रवारी आणखी एक. बाबा निपचित पडून राहिले. तिचे पेपर तपासून झाले.

शनिवारी डॉक्टरांनी आधी मायालाच विचारलं, "सोमवारी कसे होते?"

"चांगले होते. दोन डाव जिंकून आले होते."

मग त्या बाबांकडे वळल्या. "काका, वार उलटे म्हणा बरं. रविवार, शनिवार..."

"शनिवार," बाबा म्हणाले. थांबले. "पंखा काहून बोलून राहिला?"

डॉक्टरांनी बेंबीखाली हात दाबला तसे ते कळवळले.

"माया, हे उदासीनतेचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते हळूहळू चढतं, सकाळी एक आणि दुपारी एक असं होत नाही. उदास माणूस बोलत नसला, तरी समोर कोण आहे ते त्याला कळतं. म्हातारपणातला विसराळूपणाही दोन दिवसांत येत नाही. हा डिलिरियम आहे. बिघाड शरीरात असतो, पण दिसतो डोक्यात. यांची लघवी तुंबली आहे."

"पण बिछाना तर ओला होत होता."

"भरलेलं सांडत होतं ते. घरी आणखी काही औषध दिलं?"

मायानं गोळ्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ते लिहून घेतलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

तुंबलेल्या लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता. अकरा दिवस बाबा अतिदक्षता विभागात होते. सहाव्या दिवशी त्यांनी तिला नावानं हाक मारली आणि त्यानंतर एकदाही चुकले नाहीत. मूत्रपिंडं मात्र पूर्ववत झाली नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस मागे लागलं. मंगळवारीच आणलं असतं तर मूत्रपिंडं वाचली असती का, असं तिनं विचारलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "बहुतेक."

घरी आल्यावर एका दुपारी तिनं बाबांना सगळं सांगितलं. चादर बदलताना काय बोलली ते, गोळ्यांचं, पेपरांचंही.

"मले त्यातलं काही आठवत नाही, बाई," बाबा म्हणाले. "तू आठवून काहून रडून राहिली?"

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिनं संध्याकाळच्या गोळ्या काढून हातावर ठेवल्या. कोणत्या, कशाच्या, हे न विचारता बाबांनी त्या तोंडात टाकल्या आणि पाण्यासाठी हात पुढे केला.