शाईला पाजलेला उजेड

“दिवा लावलाय का गं कुणी?”

मावशीचा हा आवाज चिंगीच्या कानात अजून जसाच्या तसा आहे. दुपार कलायला लागलेली असायची, उन्हाचा एक तुकडा अजून जमिनीवर लोळत असायचा, आणि मावशी चौकटीला हात लावून विचारायची, दिवा लावलाय का. पोरंटोरं फिदीफिदी हसायची. मावशीही हसायची. मग भिंतीवरून हात फिरवत, जुळवून म्हणायची :

दिवा गेला दूरदेशी, सावली राहिली घरी
भिंत हाताला सांगते, मी आहे ना, ये तरी

चिंगीला ते गाणं वाटायचं. ती भीती होती आणि मावशी तिला चाल लावून हिंडत होती, हे कळायला तिला स्वतःची चाळिशी यावी लागली.

चिंगी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी कुणीतरी चिडवायला ठेवलं आणि ते कामाच्या जागीही तिच्या मागोमाग आलं, शेवटी ‘ताई’ लावून घेतलं तेवढंच. लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात ती चित्रं काढायची. नवं पुस्तक निघालं की समारंभात वाटायच्या भेटवस्तू तिच्याच हातच्या. रंगात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि ह्या हाताची साथ डोळा हळूहळू सोडत होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं जाईल, मग कडेकडेनं नजर आत आत येत जाईल. बरा होणारा नाही, पण लवकर कळलं तर सांभाळता येतं. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं होतं, “घरात मूल आहे? मग त्यालाही एकदा दाखवून घ्या. हे रक्तातून येतं.”

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“काय म्हणणार? नंबर वाढलाय.”

एवढं म्हणून ती जी गप्प बसली, ती बसलीच. स्वतःचं तर तिनं केव्हाच घोटून गिळलं होतं. घशात अडकली होती बबडी. तिची सात वर्षांची लेक. लेकीला दाखवायचं म्हणजे कुणीतरी ‘हो’ म्हणण्याची शक्यता, आणि तो ‘हो’ ऐकण्यापेक्षा चिंगी रोज नव्यानं भिऊन जगायला तयार होती. संध्याकाळी बबडी उंबऱ्याला ठेचकाळली, की ती हातातलं काम टाकून धावायची. धांदरट आहे झालं, असं ती स्वतःला समजवायची. मुलं ठेचकाळतातच. सगळ्यांचीच.

आता बघा, माणूस ज्याच्यापासून पळतो ते नेमकं पुढच्या वळणावर येऊन उभं राहतं. नवं पुस्तक आलं ते अंधाराचं. अंधाराला भिणाऱ्या एका काजव्याची गोष्ट. ती गोष्ट लिहिणाऱ्यांना सगळे लेखक-आजोबाच म्हणत. भेटवस्तू ठरवायला आजोबा, संपादकबाई आणि चिंगी टेबलाभोवती बसले.

“कापडी पिशवी करू या,” चिंगी म्हणाली. “वर काजवा.”

“पिशव्या आता भाजीवालाही देतो,” संपादकबाई म्हणाल्या.

“मग बिल्ला?”

“बिल्ल्याची पिन पोरं एकमेकांना टोचतात. मागच्या खेपेला एक आई भांडायला आली होती, आठवतंय ना? माझीच खरडपट्टी काढली तिनं.”

“रबरी शिक्के?”

“भिंती रंगवतील पोरं आणि शिव्या खाऊ आपण.”

आजोबांनी कपातला शेवटचा घोट घेतला. “माझं पुस्तक अंधाराचं आहे ना? मग पोरांना थोडा अंधारच द्या की! ती अंधारात चमकणारी शाई असते बघा. तिची पुस्तकात घालायची खूणपट्टी करा. पोरं पांघरुणात घेऊन झोपतील.”

“आजोबा, तुम्ही लबाड आहात!” संपादकबाईंनी टाळीच वाजवली. “समारंभात दिवे बंद करू. सगळी मुलं पट्ट्या वर धरतील. आणि चिंगीताई अंधारात मुलांमधून फिरत फिरत शेवटची पट्टी लेखकांना नेऊन देईल. काय गं?”

चिंगीच्या डोळ्यांपुढे ते सभागृह उभं राहिलं. व्यासपीठाच्या पायऱ्या, खुर्च्यांचे पाय, खाली बसलेली इवली इवली पोरं, त्यांची बोटं. आणि त्यात तिचं पाऊल. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार.

“छान आहे की,” ती म्हणाली.

काम मात्र तिनं मन लावून केलं. भ्यालेलं माणूस काम चोख करतं, तेवढाच वेळ भीती बाजूला बसते. काजवा लांबट काढला, पंखांवर पानाच्या शिरांसारख्या बारीक रेघा, आणि चमकायचं ते फक्त पोट. गडद निळ्या कागदावर ती शाई मरून जाते, म्हणून खाली आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यायला तिनं छापखान्यात सांगितलं. खिडकीशी बसून ऊन आहे तोवर रेघ ओढायची आणि ऊन ढळलं की डोकं दुखतंय म्हणून लवकर निघायचं. जिन्यात कठड्याला हात. रस्त्यावर कुणा बाईच्या पांढऱ्या साडीमागून चालायचं, ती वळली की दुसरी शोधायची.

नमुने तयार झाले तशी छापखान्यातून निरोप आला. छापखान्याच्या काकांनी कागदाची कोठी रिकामी करून ठेवली होती. खिडकी नसलेली खोली, दाराच्या फटीतही चिंधी कोंबलेली. कागदाचा कोरडा वास. आत काका, संपादकबाई आणि चिंगी.

“लावू का दार?” काकांनी विचारलं.

दार लागलं. दिवा गेला.

चिंगीच्या भोवती काळं उभं राहिलं. इतरांना अंधार दिसतो, त्यात आकार असतात, हळूहळू उमटतात. तिच्या अंधाराला कड नव्हती, तळ नव्हता. आपण उभ्या आहोत की पडतो आहोत हेही तिला कळेना. शेजारी श्वास चालला होता, तो कुणाचा? आता दोघं म्हणतील, वा! आणि आपण मागे राहू. मागे राहिलो की कळेल. त्याआधी बोलावं.

“वा! काय सुंदर चमकतोय!”



“कुठे गं?” संपादकबाईंचा आवाज आला. “मला तर काही म्हणजे काही दिसत नाहीये.”

खट् करून दिवा लागला. काकांच्या हातात पट्ट्यांचा गठ्ठा होता, अजून कागदात गुंडाळलेला.

“अहो, दिसेल कसं?” काका म्हणाले. “ह्या शाईला आधी उजेड पाजावा लागतो. घटकाभर दिव्याखाली धरायची, मग ती अंधारात ओकते. मी तर पुडकंही सोडलं नव्हतं.”

संपादकबाई पोट धरून हसल्या. “चिंगीताई, तुझी कल्पनाशक्ती म्हणजे! पुडक्यातलंही दिसतं तुला.”

“मी आपलं… काजव्याला धीर द्यायला,” चिंगी म्हणाली. तीही हसली. तळहाताला घाम सुटला होता तो तिनं ओढणीत पुसला.

काका हसले नाहीत. त्यांनी पट्ट्या सोडल्या, दिव्याखाली मांडल्या आणि पुन्हा अंधार केला. ह्या खेपेला चिंगीनं तोंड मिटून ठेवलं. संपादकबाई “अगं बाई!” म्हणाल्या, मग तीही मागून “अगं बाई!” म्हणाली. सावलीसारखी.

निघताना संपादकबाई रिक्षा बघायला पुढे गेल्या. काकांनी तिच्या हातात एक पट्टी दिली. “बबडीसाठी ने.” मग हळूच विचारलं, “पोरी, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. “बरं. नसेल सांगायचं तर राहू दे. पण बाई म्हणत होत्या तसं समारंभात अंधारात पायऱ्या उतरून पोरांत फिरू नकोस. तुझ्यापेक्षाही त्या खाली बसलेल्या लेकरांसाठी म्हणतो.”

ती वळली. वाटभर ती पट्टी पिशवीत नव्हे, काळजात टोचत होती. टाकून द्यावी का? कचऱ्याच्या डब्याशी तिचं पाऊल अडखळलंही. पण उद्या संपादकबाई विचारणार, लेकीला आवडली का. आणि खरं सांगायचं तर भीतीलाही एक चोरटी ओढ असते. झाकलेल्या विहिरीत माणूस वाकून बघतोच.

घरी बबडीनं पिशवीत हात घातलाच. “आई, हा काजवा माझा? चमकतो? बाबा, चला ना, पांघरुणात!”

“आधी दिव्याखाली धर,” चिंगी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

बाबा आणि बबडी पलंगावर जाड रजई डोक्यावरून घेऊन बसले. रजईचा एक डोंगर झाला, हलणारा, खुसखुसणारा. चिंगी बाहेर उभी. दिसू दे हिला. काहीही कर, पण दिसू दे.

“आहाहा!” आतून नवऱ्याचा आवाज. “काय हिरवागार झालाय गं! दिसला का?”

“हो! खूप छान!” बबडी म्हणाली. लगेच. फार लगेच.



“मग पकड बघू.”

रजई हलली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

“अगं, तिकडे कुठे? माझं नाक आहे ते!” नवरा हसत होता. “वेंधळे, तुझ्या मांडीवर तर ठेवलाय.”

“मला माहितीये. मी गंमत करत होते.”

तो हसरा, घाईचा, उसना आवाज. चिंगीनं तो दुपारीच कोठीत ऐकला होता, स्वतःच्या तोंडून. एवढंसं लेकरू, आणि लपवायला कधी शिकलं? कुणाचं बघून शिकलं?

अजूनही गप्प राहता आलं असतं. दमली असेल, झोप आली असेल, उद्या बघू. हे सगळे शब्द जिभेवर येऊन रांगेत उभे होते, इतके महिने त्यांनीच तर निभावून नेलं होतं. तिनं पलंगाची कड धरली आणि रजई ओढली. उजेडात बबडी डोळे चोळत बसली होती, हातात काजवा उलटा.

“बघितलंस का,” नवरा हसतच म्हणाला, “तुझ्या लेकीला नाकासमोरचा काजवा—”

“हसू नकोस,” चिंगी म्हणाली. “तिला दिसत नाहीये. मलाही दिसत नाही. नंबर नाही वाढलेला माझा, डोळे जाताहेत. हिलाही दाखवून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी… मी भ्याले रे.”